मी ‘फिकं’ म्हणत राहिले

चि. मुक्ता आणि चि. ईशान,

हे पत्र लांब होणार आहे आणि त्यात गमतीजमती फार नाहीत, हे आधीच सांगते. ईशानला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मुक्ताने त्याला वाचून दाखवावं. तुमच्या बाबांनी वाचून दाखवू नये. त्यांनी ते नंतर, एकट्याने वाचावं.

आत्ताच का लिहिते, ते सांगते. मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हाला विचारलं, आठवड्यातून किती वेळा बाहेर जेवता. ईशान हसत म्हणाला, “आजी, तू आजोबांना ओरड ना. त्यांनीच तुला हॉटेलात नेऊन नेऊन आजारी पाडलं.”

फोन स्पीकरवर होता. आजोबा शेजारीच भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि दुसरी शेंग घेतली. 

ईशान, तुझी चूक नाही. तू जे घरात ऐकलंस तेच बोललास. घरात ते बाबांकडून आलं. आणि बाबांचा तसा समज व्हावा याची व्यवस्था मी केली, तीन वर्षं गप्प राहून. ते आता दुरुस्त करते. शिवाय हा आजार आपल्या घरात आहे. माझे वडील त्यानेच गेले, तुमच्या बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि तुम्ही दोघं तिकडे डब्लिनला निम्मा आठवडा बाहेरच्या खाण्यावर काढता. तेव्हा हे तुमच्या उपयोगाचंही आहे.

पाय

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायला लागले. मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून इंग्रजी शिकवलेली बाई. पाय सुजणं मला नवीन नव्हतं, म्हणून मी मोठ्या मापाच्या चपला आणल्या आणि विषय संपवला.

मग एका सकाळी आम्ही येडगावला धरणावर फिरायला गेलो. आजोबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्याच धरणावर झाली. बांधावरचा प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा. मी थोड्या अंतरात तीनदा थांबले. तिसऱ्या वेळी पाण्याकडे बघत असल्याचं सोंग केलं. आजोबा म्हणाले, “पाणी रोजच्यासारखंच आहे. तू परत फीर.”

नारायणगावच्या डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. कणकेत बोट रुतवावं तसा. डॉक्टर त्या खड्ड्याकडे बघत होते, मी डॉक्टरांकडे. त्यांनी त्याच दिवशी पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या रुग्णालयात छातीवर थंडगार जेली लावून पडद्यावर माझं हृदय दाखवलं. ते मला तळ्यातल्या बेडकाच्या गळ्यासारखं दिसलं. तिथल्या डॉक्टरांशी मी इंग्रजीत बोलत होते, म्हणून त्यांनी निदानही इंग्रजीतच सांगितलं. हार्ट फेल्युअर. त्यातला दुसरा शब्द मी आयुष्यभर लाल शाईने मुलांच्या नावांसमोर लिहिला होता. प्रगतिपुस्तकात तो ‘फेल’ एवढ्या अर्ध्या शब्दात मावतो. स्वतःच्या कागदावर बघितल्यावर मला पहिलं काय वाटलं असेल तर लाज. भीती नंतर आली, गाडीत बसल्यावर.

आजोबांना डॉक्टरांचं इंग्रजी पुरतं कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, “हृदय थकलंय म्हणाले. विश्रांती आणि पथ्य.”

हे माझं पहिलं चुकीचं भाषांतर. पुढचं सगळं त्याच्या पाठोपाठ आलं.

बुधवार

पथ्य एकच होतं खरं तर. मीठ. मीठ खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, पाणी धरलं की थकलेल्या हृदयाला ते ओढवत नाही, मग ते पायात उतरतं आणि शेवटी छातीत भरतं. डॉक्टरांनी कागदावर ‘मीठ’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरी आल्यावर मी वही केली. रोज सकाळी सहा वाजता वजन, शेजारी पायांची सूज, शेजारी गोळ्या. लोणच्याच्या बरण्या शेजाऱ्यांना दिल्या. माझी भाजी वेगळी होऊ लागली. घरात मी शिस्तीने वागले, त्यात मला काही लपवायचं नाही.

बाहेर मात्र बुधवार होता.

निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी आम्ही दोघं दुपारी येडगावच्या रस्त्यावर, कालव्यालगतच्या हॉटेलात जेवायला जायचो. आजोबा नोकरीत होते तेव्हा तिथे फक्त चहाची पत्र्याची शेड होती. आता बारा टेबलं आहेत. ते विमल चालवते. विमल माझी विद्यार्थिनी, आठवीपर्यंत माझ्या वर्गात होती, मग लग्न झालं. तिच्या सासरची मेंढरं अजून आहेत, दीर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतो. भटारखाना विमलच्या हातात आणि मासवडी तर तिच्यासारखी दोन तालुक्यांत कोणाची होत नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा.

आजोबा अबोल माणूस आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. घरी जेवताना ते वर्तमानपत्र वाचतात. पण त्या टेबलाशी बसले की बोलतात. कालवा कसा खणला, कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याने त्यांच्यावर काठी उगारली, त्यांच्या गावी, निरगुडसरला, लहानपणी विहिरीत काय काय पडलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला जे कळलं नव्हतं ते मला त्या टेबलाशी कळलं. म्हणून रुग्णालयातून घरी आल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हृदयाचा नव्हता. बुधवारचं काय, हा होता.

जायचं ठरलं. वाटेत आजोबा म्हणाले, “मी विमलला सांगतो, तुला हृदयाचं आहे म्हणून. ती बघेल बरोबर.”

मी नको म्हणाले. हॉटेलात बसून आजाराची नावं घ्यायची, मग शेजारच्या टेबलावरून चौकशी, संध्याकाळपर्यंत सगळं गाव शहाळी घेऊन दारात. मला ते नको होतं. मी म्हणाले, मी माझ्या पद्धतीने सांगते.

बिलँड

विमल टेबलाशी आली तेव्हा मी तिला म्हणाले, “माझं जेवण आजपासून फिकं करत जा.”

एवढंच. मीठ हा शब्द मी उच्चारला नाही. मला वाटलं, फिकं म्हटल्यावर त्यात सगळं आलं. आमच्या घरी आई फिकं म्हणायची तेव्हा तिखट कमी, मीठ कमी, तेल कमी असं सगळंच असायचं. आजाऱ्याचं जेवण म्हणजे फिकं.

विमलने विचारलं, “बाई, फिक्क्याला विंग्रजीत काय म्हनत्यात?” मी सांगितलं, ब्लँड. तिला तो शब्द फार आवडला. त्या दिवसापासून आम्ही पायरी चढलो की ती आत ओरडायची, “बाई आल्या, एक बिलँड!” आणि माझ्यासाठी छोटं पातेलं वेगळं चढायचं. गिऱ्हाईकं हसायची. मलाही मौज वाटायची. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. माझ्या विद्यार्थिनीच्या भटारखान्यात माझा शब्द चालत होता.

बाकीचं पथ्य मी स्वतः निवडून पाळत होते. तळलेला पापड नको, भाजलेला आण. कोल्ड्रिंक नको, मठ्ठा आण. रश्श्यावरची तर्री काढून टाक. गोड नको. दर बुधवारी घरी येताना मला वाटायचं, आज आपण किती शहाण्यासारखं जेवलो.

आता वाचताना तुम्हाला दिसत असेल. भाजलेला पापड म्हणजे तळलेल्या पापडाइतकंच मीठ. मठ्ठा म्हणजे पेलाभर खारं पाणी, आणि मी दोन पेले घ्यायची. मी तेल टाळलं, साखर टाळली, तिखट टाळलं. जे एक टाळायला सांगितलं होतं त्याच्याभोवती मी वर्षभर प्रदक्षिणा घालत होते.

वहीत दर गुरुवारी वजन वाढलेलं असायचं. शुक्रवारी थोडं, शनिवारी आणखी थोडं उतरायचं. शिकलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं. मी समासात लिहिलं होतं, “बुधवारचं चालणं कमी होतं.”

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही. मी बुधवारची वाट बघायची. आजोबांच्या गप्पांसाठी बघायची हे खरं, पण जेवणासाठीही. घरचं माझं जेवण गवतासारखं लागायचं आणि विमलचं फिकं मात्र चवदार. मी म्हणायची, हाताला चव आहे पोरीच्या. ते चवदार का लागतं, हे माझ्या डोक्याला माहीत नव्हतं असं मी म्हणते. जिभेला माहीत असणार.

दुसरी खेप

पुढच्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी चार वाजता, मी चहा गाळत असताना मला श्वास आत घेता येईना. बाहेर जायचा, आत यायचा नाही. घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. आजोबांनी मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि पाठीला पाठ लावून आधार दिला, कारण मला टेकता येत नव्हतं आणि पडूही शकत नव्हते. रुग्णवाहिका येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. 

कोरड्या जमिनीवर बुडणं कसं असतं ते मी त्या दिवशी बघितलं. त्याचं जास्त वर्णन करणार नाही.

नारायणगावहून पुणे. अतिदक्षता विभागात चार दिवस. तिथे खिडकी नाही, घड्याळ आहे. सकाळी अंग पुसायला येणाऱ्या मावशी ओतूरच्या होत्या. त्यांना कळलं की मी नारायणगावची, तेव्हापासून त्या मला ‘आमच्याकडच्या आजी’ म्हणायच्या आणि माझे केस विंचरून वेणी घालून द्यायच्या. नळ्यांनी बांधलेल्या माणसाला वेणी घालणं सोपं नसतं. त्या चार दिवसांत माझ्याशी कोणी चांगलं वागल्याचं मला आठवतं ते एवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, बाहेर खाता का? मी म्हणाले, क्वचित. आणि तेही पथ्याचं.

डबा

सहाव्या दिवशी मी साध्या खोलीत होते. रुग्णालयाचं बिनमिठाचं जेवण सहा दिवस जेवले होते. त्या दुपारी विमल आली. दोन एसट्या बदलून आली होती. पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि म्हणाली, “बाई, तुमचं बिलँड आनलंय. इथलं काय ग्वाड लागत असंल तुमास्नी.”

मासवडीचे दोन तुकडे आणि रस्सा. मी एक चमचा तोंडात घेतला.

तोंडात समुद्र आला. माझे डोळे मिटले गेले. सहा दिवसांत जीभ धुऊन निघाली होती, आणि पहिल्यांदाच तिने मला खरं सांगितलं. मी चमचा आजोबांकडे दिला. वर्षभर ते त्यांचं तिखट जेवत होते, माझ्या ताटातलं त्यांनी कधी चाखलं नव्हतं. त्यांनी चाखलं आणि डब्याला झाकण लावलं.

आजोबांनी हळूच विचारलं, “विमल, मीठ किती टाकतेस गं यात?”

“चढंच टाकते की जरा,” विमल म्हणाली. “तिखट न्हाई म्हटल्यावर तोंडाला चव कशी यायची? बाईंनी फिक्कं सांगितलं व्हतं. फिक्कं म्हंजी बिनतिखटाचं. मी चिमूटभर पन तिखट टाकलं न्हाई कधी. इच्चारा कुनालाबी.”

तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. आठवीत कविता म्हणून दाखवल्यावर असायची तशीच.

सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझा चेहरा मला आवरता आला नाही. तिने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी तिला समजावून सांगितलं, मीठ, पाणी, हृदय, सगळं.  विमल म्हणाली, “मंग बाईंनी मीठ का न्हाई म्हटलं?”

त्या प्रश्नाचं उत्तर आज इथे लिहिते.  मला हॉटेलात आजारी म्हणवून घ्यायचं नव्हतं.

विमलने डबा पिशवीत ठेवला. जाताना पाया पडली, पण माझ्याकडे बघितलं नाही. नंतर कळलं की एसटी स्टँडवर तिने ते जेवण, डब्यासकट, टाकून दिलं.

व्हरांडा

आठव्या दिवशी तुमचे बाबा विमानाने आले. दोन रात्री झोपलेले नव्हते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हे मिठामुळे झालं, बाहेरच्या खाण्यातून आलं असावं, आणि या वेळी हृदयाचं जे नुकसान झालं ते भरून येणार नाही.

माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. व्हरांड्यात बाबा आजोबांना म्हणाले, “अप्पा, तुम्हाला आठवड्यातला एक दिवस घरी जेवता येत नव्हतं?”

मला वाटलं आजोबा सांगतील. दोन दिवसांपूर्वीच त्यांना सगळं कळलं होतं. आजोबा म्हणाले, “चुकलं माझं.”

मी डोळे मिटून घेतले. बाबा आत आले तेव्हा मी झोपलेली होते.

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. आजारपणात मी सगळ्यात वाईट काय केलं असेल, तर ते हे.

बाबा परत गेल्यावर मी आजोबांना विचारलं, का बोलला नाहीत. ते म्हणाले, “काय सांगू त्याला? तुझ्या आईला शब्द सापडला नाही म्हणून? जन्मभर शब्दच शिकवलेत तू.” मग म्हणाले, “मला काय, मी आधीही बोलत नव्हतो.”

नंतरचे महिने

बुधवार बंद झाले. घरात एकच भाजी होऊ लागली, माझी. मी वेगळी करते म्हटलं तरी आजोबांनी ऐकलं नाही. ते मीठही वरून घेत नसत. वर्तमानपत्र उघडून जेवायचे आणि ताट धुऊन ठेवायचे. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी मानेभोवती सैल होत गेल्या. पाच महिन्यांत त्यांनी मला निरगुडसरची एकही गोष्ट सांगितली नाही.

विमलकडेही आमचं जाणं थांबलं होतं. तिची सासू कोणाला तरी म्हणाली होती, बाईला मारायला निघाली व्हती ही. ते विमलच्या कानावर गेलं होतं. मी दोनदा निरोप पाठवला की तुझी चूक नाही. उत्तर आलं नाही.

एका बुधवारी सकाळी मी वजन लिहिलं, साडी नेसले आणि आजोबांना म्हणाले, गाडी काढा. त्यांनी विचारलं कुठे, मी सांगितलं. ते म्हणाले, तिथे तुला खाण्यासारखं काही नाही. मी म्हणाले, ते मी बघते.

हॉटेलात बरीच गर्दी होती. मी टेबलाशी बसले नाही, सरळ भटारखान्याच्या दारात गेले. विमल परातीत भाकरी थापत होती. मी वर्गात बोलायची तशा आवाजात म्हणाले, “विमल, माझं हृदय निकामी होत चाललंय. मला मीठ चालत नाही. अजिबात नाही. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

मागच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. विमल म्हणाली, “माझ्या हातानं नको, बाई. परत काय झालं तर?”

मी तिला म्हणाले, मग तू फक्त दाखव, कशात मीठ कधी पडतं. ते ती सांगू लागली, आधी नाइलाजाने, मग सवयीने. रश्श्याचं वाटण सकाळीच मीठ घालून होतं, तेव्हा दुपारी कोणी कमी मिठाचा रस्सा मागितला तरी तो देणं शक्यच नाही. सारणात आधीच असतं. बाजरीच्या पिठातही ती घालते. मटकी मात्र नुसती उकडून ठेवलेली असते, मीठ फोडणीच्या वेळी. दही बिनमिठाचं असतं. कांदा, काकडी, लिंबू यांना काहीच लागलेलं नसतं.

त्या दिवशी मी वेगळ्या पिठाची बिनमिठाची भाकरी, उकडलेली मटकी, कांदा, लिंबू आणि दही जेवले. शेजारच्या टेबलावर टोमॅटोच्या गाडीचा एक ड्रायव्हर बसला होता. सगळं ऐकून तो आजोबांना म्हणाला, “काय राव, मीठच नाय खायचं तर आजींनी हॉटेलात यायचं कशाला?”

आजोबा म्हणाले, “माझं तोंड बघायला.”

तो हसला. आजोबा हसले नाहीत. पण जेवताना अर्ध्यात ते म्हणाले, तुला त्या विहिरीतल्या रेड्याचं सांगितलं होतं का मी? सांगितलं होतं. मी नाही म्हणाले.

बाहेर जेवताना

आता तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, एका चुकीपुरतं मला कळतं.

आधी आपल्याला नक्की काय टाळायचंय ते ठरवा, आणि त्याचं नाव घ्या. ‘हलकं द्या’, ‘साधं द्या’, ‘हेल्दी काय आहे’ असं विचारू नका. त्या शब्दांचा अर्थ समोरचा माणूस त्याच्या मनाने लावतो, आणि बहुतेक वेळा प्रेमानेच लावतो. विमलने माझ्यावर प्रेमच केलं होतं.

जे सकाळी करून ठेवलेलं असतं ते तुमच्यासाठी बदलता येत नाही. सूप, सॉस, ग्रेव्ही, चीज, पावसुद्धा. जे तुमच्यासमोर तव्यावर पडतं ते बदलता येतं. म्हणून मेन्यू वाचण्याआधी विचारा, आत्ता ताजं काय करता. सॉस वेगळ्या वाटीत मागा. नजर त्या एकाच गोष्टीवर ठेवा, तिच्याऐवजी दुसरी तीन पथ्यं पाळू नका, त्यात फार समाधान वाटतं आणि तेच घातक. एकमेकांच्या ताटातलं चाखत जा. ही सवय वाईट समजतात, पण आजोबांनी वर्षभरात एकदा जरी माझा रस्सा चाखला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. हे त्यांना दोष देण्यासाठी लिहिलेलं नाही. मीच ताट त्यांच्यापुढे करायला हवं होतं.

आणि लाजू नका. मी लाजले त्याची किंमत माझ्या छातीत आहे.

आज

जे गेलं ते परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भीमाशंकरच्या पायऱ्या मला पुन्हा उतरता येणार नाहीत, कारण चढता येणार नाहीत. जिना चढणं बंद, म्हणून वरची खोली बंद. अंघोळीनंतर पंधरा मिनिटं बसावं लागतं. पुढच्या खेपेला काय होईल हे मी विचारलं, आणि या वेळी उत्तराचं आजोबांसाठी भाषांतर करताना एकही शब्द बदलला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर बराच वेळ ते मागच्या अंगणात होते.

विमल अजून माझ्यासाठी स्वतःच्या हाताने भाजी करत नाही. भाकरी करते. ताट आणून ठेवते आणि मी जेवून उठेपर्यंत दारात उभी असते. हल्ली आत कोणी ओरडत नाही. मी खूप सांगून पाहिलं, पण ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. ते मी मोडलं, आणि ते नीट होईल असं मला वाटत नाही.

बाबांना या पत्राने त्रास होईल. त्यांनी आजोबांना फोन करावा. माफी मागायची गरज नाही, आजोबांना ते आवडणारही नाही. नुसतं विहिरीचं विचारावं.

माझं हृदय निम्म्याहून कमी जोराने चालतं. रोज सकाळी सहाला मी वजन लिहिते, अक्षर अजून सरळ येतं. बुधवारी दुपारी आजोबा आणि मी त्या टेबलाशी समोरासमोर बसतो. ते बोलतात आणि मी ऐकते.

तुमची आजी